डी७२०० की डी७५००? दोन्ही जुन्याच घ्यायच्या आहेत

मायणीचा_पाहुणा

दोन वापरलेल्या कॅमेरा बॉडी समोर आहेत, दोन्ही निकॉनच्या. डी७२००, शटर काउंट (आजवर काढलेले फोटो) ४१ हजार, सांगितलेली किंमत २७ हजार. डी७५००, काउंट १८ हजार, किंमत ३९ हजार. लेन्स ठरलेली आहे: २००-५०० मिमी एफ/५.६. वापर बहुतेक पक्ष्यांसाठी, म्हणजे मायणी आणि भिगवण. बाकी घरचे-शेजारचे कार्यक्रम आणि भाद्रपदात कासची फुलं. व्हिडिओ जवळजवळ नाहीच.

नेटवर वाचावं तर एक म्हणतो डी७२०० ला मेगापिक्सेल जास्त, दुसरा म्हणतो डी७५०० नवा आहे. १२ हजार जास्त मोजावेत इतका फरक नेमका कुठे आहे, ते जाणकारांनी सांगावं.

छिद्रमान

मेगापिक्सेलचा विषय आधी निकालात काढू. डी७२०० चा फोटो ६००० × ४००० चा, डी७५०० चा ५५६८ × ३७१२ चा. रुंदीत ४३२ पिक्सेल कमी, म्हणजे ८ टक्क्यांच्याही आत. ५०० मिमीवर लांबचा पक्षी कापून मोठा केला तरी एवढ्या फरकाने पिसाचा एक जादा धागा दिसणार नाही. हवेतली धग आणि हात हलणं यातच त्याच्या दसपट तपशील जातो.

चित्राच्या दर्जातही रस्सीखेच नाही. आयएसओ १०० ला सावल्या उचलायच्या तर डी७२०० किंचित सरस, आयएसओ ३२०० च्या वर डी७५०० किंचित सरस. ए३ प्रिंट शेजारी शेजारी ठेवून ओळखा म्हटलं तर बहुतेकांची विकेट पडेल. लो-पास फिल्टर (चित्र किंचित मऊ करणारी सेन्सरवरची गाळणी) दोघांतही नाही.

फोकसचं यंत्र दोघांत एकच आहे: ५१ बिंदू, मधले १५ क्रॉस (आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडणारे), अंधारात उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे प्रकाशाचं माप). २००-५०० ला १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारी जोड) लावून एफ/८ केलं की दोघांचंही एकाच मधल्या बिंदूवर येतं.

मग बदललं काय? डी७२०० मार्च २०१५ चा, डी७५०० एप्रिल २०१७ चा. निकॉनने वरच्या श्रेणीतल्या डी५०० चा सेन्सर आणि एक्स्पीड ५ प्रोसेसर डी७५०० मध्ये आणला. वेग, बफर (कार्डावर लिहून होईपर्यंत फोटो धरून ठेवणारी जागा), मीटरिंग (प्रकाश मोजणं) आणि वर-खाली झुकणारा टच स्क्रीन हे मिळालं. बदल्यात दुसरा कार्ड स्लॉट, जुन्या लेन्सची एआय रिंग, बॅटरी ग्रिपचे संपर्कबिंदू आणि एनएफसी काढून घेतलं. डी५०० च्या गिऱ्हाइकाने इकडे वळू नये म्हणून केलेली ही काटछाट असावी, असं माझं मत. तेव्हा ‘नवा म्हणून चांगला’ हे इथे सरळ लागू पडत नाही.

कवड्या

पक्ष्यांसाठी बोलायचं तर सगळा खेळ बफरचा आहे, त्यामुळे त्याचे आकडे नीट मांडतो.

डी७२०० वर ६ फ्रेम सेकंदाला असं लिहिलेलं असतं. पण तो वेग जेपेग किंवा १२-बिट रॉसाठी (रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, जास्त बिट म्हणजे जास्त छटा). १४-बिट रॉ ठेवलं की पूर्ण डीएक्स फ्रेमला ५ वर येतो. लॉसलेस १४-बिटला बफर १८ फ्रेमचा, म्हणजे साडेतीन-पावणेचार सेकंदांत भरला. डी७५०० त्याच दर्जाच्या रॉमध्ये ८ च्या वेगाने ५० फ्रेम घेतो, म्हणजे सहा सेकंदांच्या वर.

कागदावर हा फरक अडीच सेकंदांचा. पाण्यावर काय होतं ते बघा. कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबतो, मान खाली, चोच पाण्याकडे. हा देखावा इतका छान असतो की बोट तिथेच दाबलं जातं. तो पाच-सहा सेकंदही तसाच थांबू शकतो. मग पंख मिटून सूर मारतो आणि नेमक्या त्या क्षणी डी७२०० अडखळत एकेक फ्रेम घेत असतो. कार्डावर अठरा एकसारखे फडफडते फोटो आणि सूर गायब.

शटरचं बटण अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमध्ये खाली उजवीकडे ‘आर’ आणि पुढे आकडा दिसतो. तो उरलेल्या बफरचा. डी७२०० घेतलात तर त्या आकड्यावर डोळा ठेवायची सवय लावावी लागेल.

डी७५०० च्या बाजूने आणखी तीन गोष्टी, ज्या तुलनेच्या तक्त्यात मागे पडतात:

एक, मीटरिंगचा सेन्सर. डी७२०० मध्ये २०१६ पिक्सेलचा, डी७५०० मध्ये १ लाख ८० हजारांचा. थ्रीडी ट्रॅकिंग रंगावर चालतं, त्यामुळे उडत्या पक्ष्यावर फोकस टिकण्यात फरक पडतो. शिवाय हायलाइट-वेटेड मीटरिंग मिळतं. काळ्या पाण्यावरचा पांढरा बगळा किंवा चमचा (स्पूनबिल) असला की डी७२०० चं मॅट्रिक्स मीटर पाण्याकडे बघून पिसं जाळतं, तिथे हाताने एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ करावं लागतं.

दोन, ग्रुप-एरिया एएफ. बिंदूंचा छोटा गट एकदम काम करतो आणि जवळच्या वस्तूला प्राधान्य देतो. मोकळ्या आकाशात घार पकडायला उत्तम. फांद्यांमधल्या पक्ष्याला मात्र नको, पुढची काडी पकडेल.

तीन, आयएसओचं बटण. डी७२०० मध्ये ते पाठीमागे डाव्या हाताला, म्हणजे ज्या हाताने दोन किलोच्या वरची लेन्स तोलून धरलेली असते त्या हाताला. डी७५०० मध्ये वर, शटरजवळ. डोळा न हलवता तर्जनीने बदलतं.

मायणीचा_पाहुणा

आकड्यांबद्दल आभार. डी७२०० १२-बिटवर ठेवला तर बफर वाढतो का? आणि दर्जा किती जातो?

छिद्रमान

वाढतो. लॉसलेस १२-बिटला साधारण २७ फ्रेम, तेही ६ च्या वेगाने. साडेचार सेकंद झाले. १.३ क्रॉप लावला तर १२-बिटला ७ चा वेग येतो, पण फोटो ४८०० × ३२०० चा होतो. पक्षी फ्रेमच्या मधोमध ठेवणार असाल तर काहीच बिघडत नाही. उलट ५१ बिंदू जवळजवळ पूर्ण फ्रेम व्यापतात.

१२-बिटचं नुकसान फक्त कमी आयएसओला, तेही सावल्या तीन-चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) उचलल्या तर. पक्षी टिपताना आयएसओ ८०० ते ३२०० मध्येच असता, तिथे जादा दोन बिटांत नॉइजच साठवला जातो. ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल बंद ठेवा, त्याने बफर कमी होतो.

कार्डाबद्दल: दोन्ही बॉडी यूएचएस-१ च्याच. यूएचएस-२ चं महागडं कार्ड चालतं, पण त्याचा जादा वेग कॅमेऱ्यात मिळत नाही. ९०-९५ एमबी लिहिण्याचा वेग असलेलं चांगलं यूएचएस-१ घ्या. दुकानात वाचण्याचा वेग मोठ्या अक्षरात छापलेला असतो, लिहिण्याचा बारीक अक्षरात किंवा नसतोच. तो विचारून घ्या.

मंडपवाला

कार्यक्रमांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. पैसे घेऊन काम करायचं असेल तर एका स्लॉटची बॉडी नको, यावर चर्चाच नाही. अंतरपाट एकदाच खाली येतो. डी७२०० मध्ये स्लॉट २ ‘बॅकअप’वर ठेवला की प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जातो. मात्र दोन्ही कार्डं एकाच जातीची घ्या. एक वेगवान आणि एक जुनं पडलेलं असं घातलं की कॅमेरा हळू कार्डाच्या चालीने चालतो आणि दोष बफरला मिळतो.

उभे फोटो जास्त काढणाऱ्यांसाठी डी७२०० ला एमबी-डी१५ ग्रिप आहे, त्यात एक जादा बॅटरी किंवा सहा एए सेल. डी७५०० ला निकॉनची ग्रिपच नाही. बॅटरीचाही हिशेब बघा: कंपनीचा आकडा डी७२०० ला १११०, डी७५०० ला ९५० फोटो.

पण डी७५०० चा एक गुण मान्य करावाच लागेल, फ्लिकर रिडक्शन. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. हॉलमध्ये १/२५० ला सलग पाच फोटो काढा: एक पिवळट, एक हिरवट, एकाच्या खालच्या अर्ध्यात अंधार. डी७५०० प्रकाशाचं शिखर हेरून शटर सोडतो. डी७२०० मधलं फ्लिकर रिडक्शन फक्त लाइव्ह व्ह्यू आणि व्हिडिओचं, फोटोला उपयोग नाही. त्यात उपाय एकच, १/१०० किंवा १/५० वर या. नाचणाऱ्या वरातीला ते पुरत नाही, तिथे फ्लॅश.

घरचेच कार्यक्रम असतील आणि कोणी पैसे देणार नसेल तर एका स्लॉटने आभाळ कोसळत नाही. कार्ड चांगलं घ्या, दर वेळी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कंप्युटरवर नको.

बिनआरसा

२०१७ च्या मागे का लागलाय सगळे? झेड५० घ्या. सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचाच, फोकस डोळ्यावर, स्क्रीनवर दिसतं तेच फोटोत येतं.

कवड्या

@बिनआरसा, धागा दोन ठरावीक बॉडींचा आहे, तरी उत्तर देतो. झेड५० ला २००-५०० लावायची तर एफटीझेड अडॅप्टर लागेल, तो खर्च वेगळा. छोट्या बॉडीवर एवढी लेन्स पुढून लोंबते, बॅटरीही लहान. आणि एफटीझेडमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी (स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या) लेन्सा हाताने फिरवाव्या लागतात. डी७२०० आणि डी७५०० दोघांतही ती मोटर आहे. कमी पैशात जुन्या बाजारातल्या चांगल्या लेन्सा वापरायच्या तर याच दोन बॉडी शहाणपणाच्या.

बिनआरसा

एएफ-डीचा मुद्दा मान्य. बाकी वेगळा धागा काढतो.

जुनी_काच

लेन्सचा विषय निघालाच आहे तर एआय रिंगचं नीट सांगतो, कारण विकणारा ‘एफ माउंट आहे, सगळं बसतं’ एवढंच सांगतो. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

१९७७ पासूनच्या एआय आणि नंतरच्या एआय-एस लेन्सा पूर्ण हाताच्या, चिप नाही. लेन्सवर अ‍ॅपर्चर किती ठेवलं हे बॉडीला कळतं ते माउंटभोवतीच्या फिरत्या रिंगेवरल्या बारीक खुंटीमुळे. डी७२०० ला ही रिंग आहे. सेटअप मेन्यूमध्ये ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’त जाऊन १ ते ९ पैकी एक क्रमांक घ्यायचा, लेन्सची फोकल लेंग्थ आणि सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर भरायचं, बस. ए आणि एम मोडमध्ये मीटर चालतं, मॅट्रिक्ससकट.

डी७५०० ला ही रिंग नाही. लेन्स बसते, पण फक्त एम मोडमध्ये फोटो निघतो आणि मीटर पूर्ण बंद.

उलटी बाजूही सांगतो. एएफ-पी लेन्सा, उदाहरणार्थ एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर (व्हीआर म्हणजे हादरे सावरणारी यंत्रणा), डी७५०० वर पूर्ण चालतात. डी७२०० वर अडचण दोन जागी येते. त्या लेन्सवर व्हीआरचं बटण नाही आणि डी७२०० च्या मेन्यूतही नाही, त्यामुळे ट्रायपॉडवरसुद्धा व्हीआर बंद करता येत नाही. दुसरं, मीटर झोपलं की फोकस जागेवरून सरकू शकतो. कस्टम सेटिंग सी२ मध्ये स्टँडबायची वेळ वाढवली की त्रास कमी होतो, बॅटरी थोडी जास्त खाते.

एक धोक्याची सूचना: १९७७ च्या आधीच्या, एआय न केलेल्या लेन्सा डी७२०० वर जोर लावून बसवू नका. खुंटी वाकते किंवा मोडते. ओळखायचं कसं? एआय लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगवर आकड्यांच्या दोन ओळी असतात, दुसरी ओळ माउंटकडे आणि अगदी बारीक अक्षरात. एकच ओळ दिसली तर थांबा.

मायणीचा_पाहुणा

हे वाचून कपाट उघडलं. निकॉर १०५ मिमी एफ/२.५ निघाली, आकड्यांच्या दोन ओळी आहेत, शेवटचा २२ दोन्ही ओळींत केशरी आहे. काच स्वच्छ. म्हणजे आता पारडं डी७२०० कडे झुकलं का? आणि कासच्या फुलांना कोणता बरा?

जुनी_काच

दोन्ही केशरी म्हणजे एआय-एस. लेन्स पहिल्या प्रतीची आहे, विकू नका. पण टॉर्च लावून एकदा दोन्ही बाजूंनी आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी, ती लेन्स बाकीच्यांच्या पिशवीत ठेवू नका.

माणसांचे फोटो हा मुख्य उद्देश असता तर मी डी७२०० च म्हटलं असतं.

छिद्रमान

कासला डी७५००. सीतेची आसवं किंवा दवबिंदू (ही रोपं) जमिनीपासून बोटभर वर. स्थिर स्क्रीनच्या डी७२०० ला पोटावर झोपावं लागतं आणि तिथे झोपायची परवानगी नाही, नसावीच. डी७५०० वाटेच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर धरून स्क्रीन वर झुकवला की काम होतं. लाइव्ह व्ह्यूमधला ऑटोफोकस दोघांचाही मंद, वारा असला की पुढे-मागे शोधत बसतो. तेव्हा फोकस हातावर घ्या, भिंगाच्या बटणाने चित्र मोठं करा आणि लेन्सऐवजी कॅमेराच मिलिमीटरभर पुढे-मागे करा.

बोटीतून खालच्या कोनातून रोहित (फ्लेमिंगो) टिपायला मात्र या स्क्रीनच्या नादी लागू नका. तिथे लाइव्ह व्ह्यूचा फोकस पुरत नाही, व्ह्यूफाइंडरच.

आता निर्णय. तुमचं बहुतेक काम पक्ष्यांचं आणि लेन्स २००-५००. डी७५०० घ्या, बफरसाठी. १०५ त्यावर मीटरशिवाय चालवता येते, कसं ते शेवटी सांगतो. १२ हजारांत घासाघीस होत नसेल आणि लेन्ससाठी पैसे कमी पडत असतील तर मात्र डी७२०० घ्या, १२-बिटवर ठेवा. ७०-३०० लावलेल्या डी७५०० पेक्षा २००-५०० लावलेला डी७२०० केव्हाही बरा.

कवड्या

+१. आणि बघायला जाताना हे तपासा:

फोटो तिथेच काढा, जेपेग, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर एक्झिफटूलने (फोटोतली लपलेली माहिती वाचणाऱ्या प्रोग्रामने) शटर काउंट वाचा. विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत तो आकडा उरत नाही. दोन्ही बॉडींचं शटर दीड लाखांपर्यंत तपासलेलं असतं, त्यामुळे ४१ हजार काय आणि १८ हजार काय, दोन्ही चांगलेच. काउंट कमी पण हाताची पकड गुळगुळीत झालेली असेल तर शंका घ्या.

एफ/१६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून आभाळाचा फोटो. शंभर टक्क्यांवर बघा. अंधुक ठिपके म्हणजे धूळ, साफ होते. कडा ठळक आणि गोल ठिपके म्हणजे बहुतेक तेल, पुसल्यावर पुन्हा येऊ शकतं.

सेटअप मेन्यूत बॅटरी इन्फो. तिथे बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदला. ३ किंवा ४ असेल तर बॅटरीची किंमत सौद्यातून कमी करा.

एखादी एएफ-डी लेन्स सोबत न्या आणि फोकस करून बघा, बॉडीतली मोटर चालते का ते कळेल. डी७२०० असेल तर दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून फॉरमॅट करा, आणि माउंटभोवतीची रिंग बोटाने फिरवून सोडा, झटकन मागे यायला हवी. पाठीमागचं अंगठ्याखालचं रबर फुगलेलं असतं बऱ्याचदा. ते चालेल, नवीन चिकटवता येतं.

मायणीचा_पाहुणा

डी७५०० बघून आलो. काउंट १८,३४०, बॅटरी १ दाखवते, सेन्सरवर दोन ठिपके, अंधुक. ३७ हजारांवर आला. घेतोय. २००-५०० फोकस किंचित पुढे-मागे मारते असं ऐकलं आहे, त्याचं काय करायचं?

कवड्या

अभिनंदन. डी७५०० मध्ये हे काम आपोआप होतं, डी७२०० मध्ये उणे २० ते अधिक २० हाताने चाचपडावं लागलं असतं.

ट्रायपॉड, व्हीआर बंद, लेन्स ५०० वर, अ‍ॅपर्चर ५.६. पंधरा-वीस मीटरवर ठळक अक्षरांचा पुठ्ठा, कॅमेऱ्याला समांतर, उन्हात पण धग नसताना, म्हणजे सकाळी नऊच्या आत. एएफ-एस, सिंगल पॉइंट, मधला बिंदू. लाइव्ह व्ह्यूमध्ये पुठ्ठ्यावर फोकस करा. मग माउंटजवळचं एएफ मोडचं बटण आणि व्हिडिओचं लाल ठिपक्याचं बटण एकदम दोन सेकंद दाबून धरा. विचारलं की ‘येस’.

हे पाच वेळा करा आणि आकडे लिहून घ्या. अधिक ३, अधिक ५, अधिक ४ असे जवळपास आले तर सरासरी हाताने भरा. उणे ६ आणि अधिक ७ असे उडाले तर पुठ्ठा हलतोय किंवा धग आहे, पुन्हा करा. शेवटी सेटअप मेन्यूत एएफ फाइन-ट्यून ‘ऑन’ आहे का ते बघा, नाहीतर साठवलेला आकडा लागूच होत नाही. एका लेन्सला एकच आकडा साठतो, म्हणून ५०० वरचा धरायचा, २०० ला थोडं चुकलं तरी फील्डची खोली सांभाळून घेते.

छिद्रमान

आणि १०५ साठी, डी७५०० वर: मोड एम, दुसऱ्या मोडमध्ये शटर उघडणारच नाही. अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगवरून. कडक उन्हात एफ/१६ ला शटर आयएसओच्या उलट, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००, तिथून मोजा. एफ/४ म्हणजे चार स्टॉप उघडलं, तेव्हा १/१६००. झाडाच्या मोकळ्या सावलीत तिथून तीन स्टॉप खाली, १/२००. एक फोटो काढून हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा, उजवीकडे चिकटला तर एक पायरी वर. प्रकाश बदलेपर्यंत तोच आकडा चालतो.

फोकस हाताने, पण डोळ्यांवर विसंबू नका, या व्ह्यूफाइंडरची काच एफ/२.५ ची खरी धार दाखवत नाही. खाली डावीकडचा ठिपका बघा. तो एफ/५.६ किंवा त्याहून मोठ्या अ‍ॅपर्चरच्या हाताच्या लेन्सवरही चालतो. बिंदू डोळ्याच्या बाहुलीवर ठेवा, रिंग फिरवा, ठिपका स्थिर झाला की दाबा.